पानं संपली की काम संपतं

(स्मृती व्याख्यानमालेत अहिल्यानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या आठवणीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गल्लीत, इथल्या तोफखाना भागात. मी तिसरीत होते. सायकल भिंतीला लावून ते ओट्यावर टेकले, पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "वाच. मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू जाऊ दे." सगळ्यांना म्हणजे ओट्यावर, उंबऱ्यात, दारात मांडीवर सुपं घेऊन विड्या वळत बसलेल्या दहा-बारा बायकांना. त्यात माझी आई होती. पुढं शाळा सुटली की तासभर वाचायचं हे माझं कामच झालं. खूप वर्षांनी मला कळलं की क्यूबात हवानाच्या सिगार कारखान्यांत 1865 पासून कामगारांना वाचून दाखवणारा माणूस नेमायची रीत होती, आणि त्याचा पगार कामगार आपापल्या मजुरीतून देत. मला पगार नव्हता. पण ऐकता ऐकता एखादी अक्का "परत वाच गं ते" म्हणायची, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटायचं.

व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला विषय दिला आहे 'घरून काम आणि आपली तब्येत'. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा खुर्ची किती उंच हवी, स्क्रीन किती लांब हवा हे मी सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. तेही सांगेन. पण 2020 साली सगळीकडे 'वर्क फ्रॉम होम' हे काहीतरी अगदी नवं आलंय असं बोललं जात होतं, तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात आहे, ती आधी बोलते. नगरमध्ये घरून काम नवं नाही. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. माझ्या तोंडी लहानपणापासूनचं नगर बसलंय, तेच येईल, सांभाळून घ्या.) आमच्या गल्लीतल्या पद्मशाली घरांत आधी हातमाग होते. माग घरातच. जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून विणकर बसायचा. मग हळूहळू माग गेले आणि विडी आली. नगर, संगमनेर, अकोले, इथल्या हजारो बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून काम केलं. पन्नास कोटींच्या कंपनीचं असेल नाहीतर हजार विड्यांचं असेल, घरात बसून दुसऱ्याचं काम करायचं म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांना विचारायला मात्र कुणी गेलं नाही.

माझ्या आईचा दिवस सांगते.

आदल्या रात्री ती टेंभुर्णीची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. सकाळी पाणी भरणं, डबे, धुणं उरकलं की पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं एकेक पान कापायचं. जाड शिरा काढायच्या. कापलेली पानं परत ओल्या फडक्यात. सगळी कापून झाल्याशिवाय ती तंबाखूला हात लावायची नाही. मी एकदा विचारलं होतं, थोडी कापून थोडी वळली तर काय होतं? ती म्हणाली, "हात कात्रीचा असला की कात्रीचाच राहू द्यावा." मग वळणं. सूप मांडीवर. डाव्या हातात पान, उजव्या चिमटीत तंबाखू, अंगठा आणि पहिल्या बोटाचा एकच फिरकावा, दोऱ्याचे वेढे, तोंड नखानं आत दुमडायचं. पंचवीस-पंचवीसच्या जुड्या बांधायच्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू हजार विड्यांच्या हिशेबानं मिळायचा. म्हणजे कामाला तळ होता. गोणपाट रिकामं झालं की काम संपलं. मग आई सूप झटकायची, उपडं करून भिंतीला टेकवून ठेवायची आणि पदर झाडून उठायची. सूप भिंतीला लागलं की आम्हां भावंडांना कळायचं, आता मांडी मोकळी आहे. आता भूक लागली म्हणता येईल, वही दाखवता येईल, रडतासुद्धा येईल.

हे गोड करून सांगायचं नाही मला. तंबाखूच्या धुळीत आम्ही झोपत होतो. त्या धुळीनं खोकला लागतो, निकोटीन कातडीतून अंगात जातं, हे आज मी डॉक्टरांच्या शेजारी बसून शिकलेली आहे, तेव्हा कुणाला माहीत होतं? आईची मान साठीच्या आतच पुढं आली. तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर कायमचं सुजलेलं असायचं. आणि पानं नेहमी हजारांना पुरत नसत. खराब पानं निघाली, फाटकी निघाली तर कमी पडलेली पानं बाजारातून पदरचे पैसे घालून आणायची, कारण विड्या तर हजार भरल्या पाहिजेत.

मग छाट. हा शब्द विडी कामगाराच्या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत असतो. सकाळी आई तयार माल घेऊन जायची. एकदा मी बरोबर होते. मुनीम मूठभर विड्या उचलायचा, बोटांमध्ये दाबून बघायचा आणि काही बाजूला टाकायचा. ही सैल, ही आखूड, हिचं तोंड उघडं. बाजूला टाकलेल्या विड्यांची मजुरी नाही. विड्या परतही नाहीत. त्या दिवशी त्यानं इतक्या टाकल्या की आईनं एक उचलून त्याच्यापुढं धरली आणि विचारलं, हिच्यात काय वाईट आहे? त्यानं उत्तर दिलं नाही. पुढच्या बाईचं नाव पुकारलं. परत येताना आई रस्ताभर बोलली नाही. त्या कारखान्याचं नाव मी घेत नाही, कारण तिथला मुनीम काही जगावेगळा नव्हता.

हे सांगण्याचं कारण म्हणजे या छाटीतूनच पुढं घरात बसून काम करणाऱ्या माणसाचा देशातला सगळ्यात मोठा हक्क निघाला. 1966 साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला, त्यात घरी विड्या वळणाऱ्यालाही कामगार मानलं. मालक कोर्टात गेले. 1974 साली सर्वोच्च न्यायालयानं कायदा उचलून धरला. मग भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न आला. मालकांचं म्हणणं होतं की या बायका घरी बसतात, केव्हा काम करतात, कशा करतात यावर आमची काही देखरेख नाही, मग त्या आमच्या नोकर कशा? 1985 साली पी. एम. पटेल आणि सन्स यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तयार विडी तपासून नाकारायचा अधिकार तुमच्याकडे आहे ना, तीच देखरेख. सरांनी हा निकाल आमच्या ओट्यावर तीन वेळा समजावून सांगितला. आई एवढंच म्हणाली, "म्हणजे तो टाकून देतो म्हणून आम्ही त्याच्या." सर म्हणाले, "अगदी बरोबर."

मी त्या वाक्यावर नंतर खूप विचार केला. घरून काम करणाऱ्यावर मालकाची नजर नसते, हा समज तेव्हाही खोटा होता आणि आजही खोटा आहे. आज ती नजर लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या हिरव्या ठिपक्यात असते. पाच मिनिटं माऊस हलला नाही की ठिपका पिवळा होतो. माझ्याकडे मानेच्या दुखण्यासाठी आलेला एक मुलगा जेवतानासुद्धा डाव्या हातानं माऊस हलवत राहायचा. मुनीम निदान सकाळी एकदाच बघायचा. हा ठिपका दिवसभर बघतो.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्याहून, हिंजवडीहून मुलं-मुली गावाकडं परत आली. पारनेर, श्रीगोंदा, शेवगाव, नेवासा, सगळीकडं. माझा दवाखाना बंद होता, पण फोन सुरू झाले. पहिल्या महिन्यात आलेल्या फोनांतला मोठा भाग एकाच तक्रारीचा होता, मान आणि खांदा यांच्या मधली ती चिमट्याची जागा. व्हिडिओवर बघितलं तर सगळे मांडी घालून, लॅपटॉप मांडीवर. मला धक्काच बसला. ही तर आमची गल्ली! तीच मान, तोच वाकलेला पाठकणा, सुपाच्या जागी लॅपटॉप. माणसाच्या डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो असतं. ते मानेच्या मणक्यांवर सरळ तोललेलं असलं तर स्नायूंना फार काम नसतं. पुढं वाकलं की तेवढंच डोकं मानेला कितीतरी पट जड होतं. लॅपटॉपची रचनाच अशी आहे की कळफलक आणि पडदा एकमेकांना जोडलेले. हाताच्या उंचीला ठेवला तर मान खाली, डोळ्याच्या उंचीला ठेवला तर खांदे वर. म्हणून पहिला उपाय फार स्वस्त आहे. लॅपटॉप उंच करा. वर्षभराच्या रद्दीचा गठ्ठा चालतो, दोन विटा चालतात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली पाहिजे. आणि कळफलक व माऊस वेगळे घ्या. घरून काम करणाऱ्यानं एवढा एक खर्च करावाच.

पाय लोंबकळू देऊ नका. जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. खड्ड्यात पाय सोडून बसणारा तो विणकर आठवा. त्याच्या गुडघ्यांना आणि कमरेला आपोआप काटकोन मिळत होता. मांडी घालून बसणं वाईट नाही, पण तीन तास एकाच मांडीवर बसणं वाईट आहे. माझी आई ताठर बसत नव्हती. एक गुडघा वर घ्यायची, मग दुसरा, मग पाय पसरायची, मध्येच दूध उतू जाईल म्हणून उठायची, कुणाचं पोर पडलं म्हणून उठायची. ते उठणं तिला वैताग होतं, पण तिच्या कमरेला त्यानंच तारलं. आज अर्ध्या तासानं उठायला कुणी सांगत नाही, तर फोनवर गजर लावा आणि उठा. डोळ्यांसाठी एक सोपं माप आहे: वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडं, वीस सेकंद बघायचं. गावातल्या माणसाकडं तर बघायला लिंबाचं झाड आहे, डोंगर आहे.

त्या फोनांमधली एक मुलगी कायमची माझ्या लक्षात राहिली. शेवगाव तालुक्यातली. पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. घर जुनं, माळवदाचं. खाली रेंज नाही, म्हणून ती माळवदावर पत्र्याच्या आडोशाला बसून काम करायची. मे महिना. लाइट गेली की मोबाइलची बॅटरी आणि लॅपटॉपची बॅटरी यांचा हिशेब करत. घरात तिचं काम कुणाला दिसत नव्हतं. आजी शेजारणीला सांगायची, "दिवसभर ते डबडं घेऊन वर बसती, अन्‌ आपल्याआपणच बोलती." घरीच आहेस ना, मग पाहुण्यांना चहा टाक. घरीच आहेस ना, मग जरा पोराला बघ. रात्री साहेबांचा फोन: घरीच आहेस ना, मग एवढं आत्ता करून दे. ती मला म्हणाली, "मॅडम, मान दुखते हे खरंय. पण माझा दिवसच संपत नाही. त्याला काही गोळी आहे का?"

तेव्हा मला आईची पानं आठवली. आईचा दिवस कष्टाचा होता, मजुरी तुटपुंजी होती, पण पानं संपायची. या मुलीची पानं संपतच नाहीत. एक तिकीट, म्हणजे संगणकावरची कामाची नोंद, बंद केलं की दुसरं उघडतं. ऑफिसात हा तळ नसला तरी बाहेरच्या गोष्टी दिवसाला कड लावतात. शेवटची बस असते, शेजारचा बॅग उचलतो, सुरक्षारक्षक दिवे मालवतो. घरात हे सांगणारं कुणी नाही. म्हणून घरून काम करणाऱ्याची पहिली गरज चांगली खुर्ची नाही. दिवस संपला असं सांगणारं, आपल्या मनाबाहेरचं काहीतरी त्याला लागतं. मनाच्या निश्चयावर हे सोडू नये. मन थकलेलं असतं तेव्हाच ते जास्त वेळ बसून राहतं, हे मी शेकडो रुग्णांत पाहिलंय.

त्या मुलीनं उपाय स्वतःच शोधला. घरी दोन गाई होत्या. दूध संकलन केंद्रावर संध्याकाळी दूध घालायची वेळ ठरलेली, त्यानंतर गेलं तर केंद्र बंद. आतापर्यंत धार आई काढायची. मुलगी म्हणाली, संध्याकाळची धार माझी. आणि साहेबांना कळवलं, सहा वाजता मला उठावंच लागतं, गाय थांबत नाही. साहेब म्हणाले असतील, ही कसली सबब. पण सबब खरी होती. या जिल्ह्यात दुधाच्या वेळेवर अख्खी गावं उठतात-बसतात, त्या वेळेला एका लॅपटॉपनं मान द्यायला हरकत नव्हती.

दिवसाला कड लावायचं बोलतोय, तर नगरच्या किल्ल्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. शाळेच्या सहलीत आम्ही तिथल्या कैदेच्या खोल्या पाहिल्या होत्या. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत धरलेले काँग्रेसचे बारा नेते इथं आणून ठेवले आणि त्यांतले बहुतेक 1945 च्या मार्चअखेरपर्यंत इथं होते. तुरुंग म्हणजे घर नव्हे, हे मला कळतं. पण एका जागी कोंडलेल्या माणसानं काम आणि तब्येत दोन्ही कशी राखायची, याचा धडा आपल्या गावात गिरवला गेलेला आहे. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथं 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं. आचार्य नरेंद्र देव 'अभिधर्मकोशा'च्या भाषांतराला बसले. मौलाना आझाद पहाटे तीन-चारला उठून स्वतः चहा करायचे आणि कधीच टपालात न पडणारी पत्रं लिहायचे. तीच पुढं 'गुबार-ए-ख़ातिर' म्हणून छापली गेली. पण लिहिणं हा त्यांच्या दिवसाचा एक भाग होता. नेहरू कुदळ घेऊन किल्ल्यातली खडकाळ जमीन खणायचे, फुलझाडं लावायचे. खणताना जुन्या भिंतींचे अवशेष सापडत. आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटं केलं. आधी त्यांनी चिमण्या हाकलायचा प्रयत्न केला, मग त्यांच्याशी मैत्री केली आणि त्यावर एक मोठं सुंदर पत्र लिहिलं. 1943 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी गेल्या. भेटीसाठी त्यांनी सरकारपुढं हात पसरला नाही. दिवसाची घडी मोडू द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलेलं होतं, आणि पत्नीच्या मृत्यूवरचं त्यांचं पत्र वाचताना घडी न मोडण्याची किंमतही दिसते.

लहानपणी मला यातली पुस्तकं दिसली होती. मोठी झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. त्या बारा जणांच्या स्वयंपाकाला, झाडलोटीला दुसरे कैदी होते. म्हणून पहाटेची ती वेळ आझादांची राहिली. ग्रंथ त्यामुळं लहान होत नाही. पण पहाटे चारला माझी आईही उठायची, आणि तिची पहाट नळाच्या रांगेत जायची.

केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कुठं घालवतात याची. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम जे करतात त्यांच्यात बाईची रोजची सरासरी निघाली 299 मिनिटं, पुरुषाची 97. आणि मुळात हे काम करणारे पुरुष चारांत एखादाच. बरोबर पुढच्याच वर्षी ऑफिसं घरात आली. म्हणजे जिच्या दिवसातले पाच तास आधीच गेलेले होते, तिच्या घरात आठ तासांची नोकरी येऊन बसली. तरुण मुलगे माझ्याकडे मान दाखवायला यायचे. सुना, लेकी मान दाखवायला यायच्या आणि उठताना रडायच्या. वेळेचं नियोजन करा म्हणून त्यांना सांगायला माझी जीभ धजली नाही. नियोजन त्यांना उत्तम येत होतं, त्यांच्याकडे वेळ नव्हता.

इथं समोर बसलेल्या सासऱ्यांना, नवऱ्यांना आणि सासूबाईंनाही माझी हात जोडून विनंती आहे. घरात बसून पगार आणणारी बाई कामावर गेलेली आहे असं समजा. ती घरात दिसते, पण ती घरात नाही. दाराला पडदा लावा, दारावर ओढणी अडकवा, काहीही खूण करा, पण ती खूण घरानं पाळली पाहिजे. आमच्या गल्लीत ती खूण होती. मांडीवर सूप असलेल्या बाईला "जरा ऊठ" असं म्हणायची सासूचीही हिंमत नसायची, कारण सूप म्हणजे मीठ-मिरची आहे हे सासूला माहीत होतं. लॅपटॉपला अजून सुपाची अब्रू मिळालेली नाही.

आणि सुपं एकेकटी नव्हती, हेही सांगायला हवं. दहा-बारा बायका एकत्र बसायच्या. घरून काम आणि एकटं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण त्या एकच समजलो. गावोगाव आता स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका झाल्यात. तिथंच चार टेबलं घरून काम करणाऱ्यांसाठी ठेवली तर? एखादं समाजमंदिर दिवसा रिकामं असतं. दोन जण शेजारी बसून आपापलं काम करत असले तरी माणसाचा खांदा खाली येतो, मी हे हातानं चाचपून सांगते.

मालकांनी काय करायचं, तेही बोललं पाहिजे, नाहीतर सगळा भार पुन्हा कामगाराच्या मानेवर टाकल्यासारखं होईल. फ्रान्समध्ये 2017 पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतर संपर्क तोडण्याच्या हक्काबद्दल कामगारांशी बोलणी करावी लागतात. पोर्तुगालनं 2021 मध्ये कायदा केला की कामाच्या वेळेबाहेर मालकानं कामगाराला गाठायचं नाही. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक आणलं होतं. घरी बसून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 177 क्रमांकाचा करार 1996 चा आहे. त्यामागं अहमदाबादच्या इला भट्ट आणि त्यांच्या 'सेवा' संघटनेनं किती जोर लावला होता, हे जगाला माहीत आहे. भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. विडीवाल्या बायकांनी कोर्टात वीस वर्षं काढून जे सिद्ध केलं, त्याच्यावर आजच्या मुलामुलींचा हक्क आहे. माझं काम नाकारायचा अधिकार तुझ्याकडे असेल, तर माझ्या मानेची, माझ्या विजेच्या बिलाची आणि माझ्या रात्रीची जबाबदारीही तुझ्याकडे येते.

सर असते तर त्यांनी ही मुलं एका ओट्यावर जमवली असती. मला ते जमलेलं नाही. मी मानेला शेक देते, व्यायाम शिकवते आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारते: तुमची पानं कधी संपतात? पुष्कळ जण आधी माझ्याकडे बघतच राहतात. मग कुणी सांगतो, पोराला क्लासला सोडायचं असतं तेव्हा. कुणी सांगते, देवापुढं दिवा लावते तेव्हा. एक जण म्हणाला, मी सकाळी काम सुरू करायच्या आधी वेशीपर्यंत चालत जातो आणि परत येतो, तेव्हा मी ऑफिसला पोचतो. संध्याकाळी पुन्हा वेशीपर्यंत जातो, तेव्हा घरी येतो. त्याची कंबर तीन आठवड्यांत निम्म्यानं सुधारली. ते चालण्यानं झालं की पोचण्यानं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

शेवगावच्या त्या मुलीकडं मी पुढच्या वर्षी गेले होते. पाऊस नुकताच होऊन गेला होता. संध्याकाळ होत आली होती, ती माळवदावरून खाली उतरली आणि लॅपटॉप मिटून धान्याच्या कोठीवर ठेवला, वर फडकं टाकलं. आजी चुलीपाशी बसली होती. फडकं पडलेलं बघितलं आणि म्हणाली, "मिटलं का गं दुकान?"

"मिटलं."

"मग ये हिकडं, डोकं दुखतंय माझं, जरा तेल लाव."

मुलीनं बादली उचलली. "धार काढून येते, मग लावते," म्हणाली आणि गोठ्याकडं गेली.